बरणीतला धूर

धुराच्या वासाची पूड डब्यात भरून विकतात, हे मला तेराव्या वर्षी कळलं आणि तेव्हापासून आजवर मला त्या वासाची किळस आहे. किळस हा शब्द मी विचार करून वापरते आहे. नावड वेगळी. नावड मला दुधीची आहे आणि तो मी गुमान खाते. पण परवा माझ्या सुनेनं मक्याच्या लाह्यांवर कसलीशी तांबूस भुकटी भुरभुरवली आणि वाडगा माझ्यापुढे धरला, तेव्हा मी उठून सरळ मागच्या पडवीत जाऊन उभी राहिले. हल्ली रत्नागिरीतल्या दुकानांतूनही ही असली पाकिटं टांगलेली असतात, आणि ती विकत घेणाऱ्या मुलींचा यात काही दोष नाही. सुनेला वाटलं, मला चूळ भरायची असेल. मी तिचा समज तसाच राहू दिला.

आमचं घर भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या एका आळीत होतं. चार खोल्या, पुढे ओटी, मागे पडवी आणि पडवीपलीकडे आठ-दहा माड. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून होते. आई लांज्याकडच्या एका आडगावातून आलेली, शाळा पाहिलेली नाही, आणि हे अण्णा तिला विसरू देत नसत. 'तुला काय कळतंय त्यातलं' हे वाक्य आमच्या घरात पाण्याच्या कळशीइतकं नेहमीचं होतं. पण एका गोष्टीत आईपुढे सगळी आळी गप्प बसे, आणि ती गोष्ट म्हणजे वर्षाचा मसाला. चैत्र सरता सरता घरोघरी मिरच्या वाळत पडल्या, की बायका आईला बोलवायला येत. आई कुणाच्याही चुलीपुढे बसून नुसत्या वासावर सांगे, की धणे आता उतरव, खसखस अजून दोन हात परत, दगडफूल एवढं नको. तिचं नाक चुकत नसे. ती कुणाकडून परतली, की पदराला भाजलेल्या मिरचीचा वास असे आणि चालीत थोडा ताठा असे. तो ताठा वर्षातून पंधरा-वीस दिवसच दिसायचा. मला तो फार आवडायचा.

अण्णांचे धाकटे भाऊ, आमचे भाईकाका, आधी बोटीवर होते आणि मग अमेरिकेत टेक्सासला एका बंदरात कामाला लागले. एकटेच राहायचे. त्यांची पत्रं येत आणि अण्णा ती ओटीवर बसून, आळीला ऐकू जाईल अशा बेतानं मोठ्यानं वाचत. काका लिहीत, की संध्याकाळी कामावरून दमून येतो, खिमा किंवा डब्यातल्या घेवड्याच्या बिया कढईत टाकतो, वरून इथली मसाल्याची पूड घालतो, अर्ध्या तासात जेवण तयार. आता वाचणाऱ्या कुणालाही कळेल, की हे एकट्या माणसाचं रडगाणं आहे. अण्णांना मात्र त्यात थाट दिसे. 'अर्ध्या तासात,' ते आईकडे बघून म्हणत. 'आणि इथं बघा, नारळ खवण्यापासून तयारी.'

मग एकदा मुंबईला आलेल्या कुणाबरोबर काकांनी तीन डबे पाठवले. एक बुटका, दोन उंच. बुटक्यात तांबडी पूड होती, जिरं आणि मिरची एकत्र दळलेली. उंच डब्यांवर जाळाचं चित्र होतं, आणि ते मोठ्या जेवणासाठी आहेत, एवढंच पत्रात होतं. अण्णांनी उंच डबे न उघडता ओटीवरच्या काचेच्या कपाटात, चित्रं बाहेर करून मांडले. येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारावं म्हणून. बुटका डबा मात्र लगेच कामाला लागला, कारण अण्णांना स्वयंपाकाची हौस दाखवायला महिन्यातून चार दिवस हमखास मिळत.

त्या काळी आई दर महिन्याला चार दिवस बाजूला बसायची. मागच्या पडवीत तिचं कांबळं, तिची वेगळी ताटवाटी. स्वयंपाकघराचा उंबरा ती ओलांडत नसे, कशाला शिवत नसे. त्या चार दिवसांत अण्णा आणि मी स्वयंपाक करत असू. एरवी पेज, भात, भाजलेली सुकट असं साधं काहीतरी असायचं. आता काकांची पत्रं पुढे ठेवून टेक्साससारखं जेवण सुरू झालं. घेवड्याच्या तसल्या तांबड्या बिया आमच्याकडे मिळत नसत, म्हणून अण्णांनी कडव्या वालांत खिमा घातला आणि वर तीन चमचे ती पूड. वाल कडू, खिमा उग्र, आणि त्यावर जिऱ्याचा असा भपका की घास तोंडात फिरायला लागायचा. एकदा मक्याच्या पिठाचा पाव केला. भट्टी कुठली असायला? पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून तो भाजला. वरून कोळसा, आतून लापशी. मी तो माडाच्या आळ्यात टाकला, तर कोंबड्यांनीसुद्धा दोनदा टोचून सोडला. एका संध्याकाळी अण्णांनी बांगड्यांना ती पूड चोळून तव्यावर टाकली. चांगला ताजा, निळ्या पाठीचा बांगडा. त्याला काखेतल्या घामासारखा वास सुटला. मला हे लिहिताना दुसरी उपमा सुचत नाही.

आईचं ताट मी पडवीत लांबून सरकवत असे. ती दोन घास खाई आणि उरलेलं ताकात कालवून संपवी. अन्न टाकायचं नाही, हा तिचा नियम. पण त्या बांगड्याच्या दिवशी ती तिथूनच म्हणाली, "मासळीला ती पूड नको लावू देऊ त्यांना. मी घरात आल्यावर माझ्या जेवणात तर ती यायचीच नाय."

अण्णांनी आतून ऐकलं. "भावानं एवढ्या लांबून पाठवलीय," ते म्हणाले.

"भावोजींचं प्रेम कपाटात ठेवा. कालवणात नको."

आळीतल्या कुणीतरी कुंपणापलीकडून हे ऐकून हसलं. बहुतेक शेजारच्या नलूकाकी असाव्यात. अण्णांचं तोंड एवढंसं झालं. ते उठून ओटीवर गेले.

त्यानंतर महिनाभरानं आमचा मसाला झाला. आईनं दोन दिवस खपून मिरच्या भाजल्या, परसात उखळ-मुसळ घेऊन कुटलं, चाळलं, पुन्हा कुटलं. शिंकांनी आमचे डोळे सुजले. मधल्या खोलीत धुतलेल्या धोतरावर तो लालभडक मसाला निवायला पसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीत भरायचा, मध्ये मध्ये हिंगाचे खडे ठेवायचे, तोंडाला फडकं बांधायचं. आणि त्याच सकाळी आईला चार दिवस आधी बाजूला बसावं लागलं.

"तूच भर हो," ती पडवीतून मला म्हणाली. "हात कोरडे कर. दाबून भर. मी इकडून सांगतंय."

मी चिनीमातीची बरणी पुसून आणली. अण्णा मधल्या खोलीत आधीच बसले होते. मांडीशी दोन्ही उंच डबे. त्यांनी एकाचं झाकण चमच्याच्या टोकानं उचकटलं आणि माझ्या नाकात तो वास पहिल्यांदा शिरला. जळक्या लाकडाचा, त्यात लसणाचा, आणि तळाशी काहीतरी गुळचट. अण्णांनी दोन्ही डबे मसाल्यावर पालथे केले. मला म्हणाले, "ढवळ."

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"बघतंस काय? कळायचंसुद्धा नाय तिला. चार जण वाहवा करतील, मग सांगू कशामुळे ते. ढवळ."

मी ढवळला. दोन्ही हात घालून, खालचा वर करत, नीट ढवळला. मला अण्णांची भीती होती, हे खरं. पण पुरतं खरं लिहायचं तर मला थोडी मजाही वाटत होती. मोठ्या माणसाच्या कटात आपल्याला घेतलंय, याची मजा. आईनं पडवीतून विचारलं, "भरलीस काय गो बरणी?" मी म्हटलं, "भरली." अण्णांनी रिकामे डबे झाकणं लावून पुन्हा कपाटात ठेवले. चित्रं बाहेर.

आमच्याकडे नवा मसाला झाला की पाच घरी त्याचा वानोळा जायचा. वाटीभर मसाला, वर कागद. तो त्याच दिवशी मीच वाटून आले. चौथ्या दिवशी आई न्हाऊन स्वयंपाकघरात आली, तिनं फडकं सोडलं, वाकून वास घेतला आणि तशीच वाकलेली राहिली. मग चिमूट जिभेवर ठेवली. "धुरकटला," ती म्हणाली. "मिरच्या माझ्याकडून जळल्या." अण्णा चहा पीत होते. मला वाटलं, आता ते सांगतील. ते म्हणाले, "लक्ष कुठं होतं तुझं?"

तेव्हा त्यांनी हसून सांगितलं असतं, तर दोन दिवस भांडण होऊन सगळं मिटलं असतं. पण वाहवा झाली नव्हती आणि वाहवेशिवाय सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं.

वानोळा ज्या घरांत गेला होता, तिथून वाट्या रिकाम्या परत आल्या. एरवी त्यांत आंबोशीच्या दोन फोडी, चार काजू, असं काहीतरी घालून येत. नलूकाकी वाटी द्यायला आल्या तेव्हा ओटीवरच उभ्या राहिल्या. "पहिल्याच दिवशी भरलास ना ग मसाला? तुझी आई पडवीत होती तेव्हा?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. "तरीच. विटाळाची सावली पडली असेल त्याच्यावर," त्या म्हणाल्या आणि गेल्या. दोन दिवसांत हे आळीभर झालं. तोपर्यंत दोन घरांचे मसाले व्हायचे होते. त्यांनी मिरच्या भाजल्या त्याचा ठसका आमच्या ओटीपर्यंत आला. आई सकाळपासून चांगलं लुगडं नेसून बसली होती. तिला बोलवायला कुणी आलं नाही.

आणि मग आम्ही तो मसाला खाल्ला. फेकायचा प्रश्नच नव्हता, वर्षाचा होता. कुळथाच्या पिठल्यात, वांग्याबटाट्यात, काळ्या वाटाण्याच्या उसळीत, तिसऱ्या-शिंपल्यांच्या कालवणात, सगळ्यात तो. रोज संध्याकाळी फोडणी पडली की घरात ओलं लाकूड पेटल्यासारखा वास भरायचा. पावसाळ्यात तर त्या पुडीतल्या साखरेला पाणी सुटलं. मसाला बरणीच्या कडेला चिकटून काळपट, ओलसर गोळा झाला आणि त्याला मुंग्या लागल्या. आई ताटलीत मसाला घेऊन एकेक मुंगी वेचत बसे. "मसाल्याला मुंग्या," ती म्हणे. "असं जन्मात बघितलं नाय." मला ते बघवत नसे. मुंग्यांमुळे नव्हे. मी दर आठवड्याला ओटीवरचं कपाट पुसत असे आणि ते दोन डबे हातात फुलासारखे हलके लागत.

सगळ्यांत वाईट हे, की आईचा आपल्या नाकावरचा विश्वास उडाला. ती भाताचा वास मला घ्यायला सांगू लागली. खोबरं खवट आहे काय बघ, डाळ करपली काय बघ. एकदा धुतलेलं पातळ माझ्यापुढे धरून म्हणाली, "ह्याला धुराचा वास येतो काय गो?" येत होता. सगळ्या घराला येत होता. मी म्हटलं, "नाय. तुलाच वाटतंय." का म्हटलं, याचं उत्तर मी चाळीस वर्षं शोधते आहे, आणि सापडतं ते उत्तर मला आवडत नाही. एकदा 'भरली' म्हटल्यावर पुढचं सगळं त्याच्याच मागून आलं. अण्णांची मला शिसारी येत होती, आणि तिच्या आड मला स्वतःला लपता येत होतं.

थंडीत भाईकाका आले. सात वर्षांनी. एस्टीतून उतरले तेव्हा ओळखू आले नाहीत, एवढे वाळले होते. अण्णांनी मटणाचा बेत सांगितला होता. काकांनी हात जोडले. "वहिनी, मला मटणबिटण काही नको. तुमच्या हातचं बांगड्याचं कालवण आणि भात. गाडीत बसल्यापासून तेवढंच डोक्यात आहे."

आई घुटमळली. "औंदा मसाला बरा नाय झाला, भावोजी," ती म्हणाली.

"तुमचा बरा नाही तोही दुसऱ्यांच्या उत्तमाइतका की."

ताटं वाढली. काकांनी भात कालवला, मोठा घास घेतला आणि चावायचे थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं, कारण ते माझ्याही चेहऱ्यावर रोज येत होतं. आई पदराचं टोक धरून उभी होती.

अण्णा घाईनं म्हणाले, "हात बिघडलाय तिचा हल्ली. काय सांगू तुला. आळीतसुद्धा कुणी विचारत नाही आता."

काकांनी घास कसाबसा गिळला, पाणी प्यायले. "नाही रे," ते म्हणाले. "हे वहिनींचं नव्हेच. हा त्या उंच डब्यातला मसाला. सात वर्षं रोज संध्याकाळी मी हेच खातोय, मला झोपेत दिलं तरी ओळखेन. ह्यातून चार दिवस सुटावं म्हणून तर आलो." आणि मग, आपण काय बोललो हे उमगून, ते ताटाकडे बघत बसले.

आई ओटीवर गेली. कपाटाची काच सरकल्याचा आवाज आला. एक डबा उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. परत येऊन ती दारात उभी राहिली. अण्णांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"मंदे, डबे कोणी ओतले?"

"अण्णांनी."

"ढवळलं कोणी?"

"मी."

तिनं काकांचं ताट उचललं, त्यांना ताकभात वाढला, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत जवळ बसली. अण्णा काहीतरी बोलत होते. गंमत म्हणून केलं, भावाच्या मायेनं केलं, असं.

संध्याकाळी तिनं मला बरोबर घेतलं आणि वानोळ्याच्या पाचही घरी नेलं. वाटेत एवढंच म्हणाली, "तू सांगायचं. ह्यांच्यानं ते व्हायचं नाय." प्रत्येक ओटीवर ती माझ्या मागे उभी राही आणि मी म्हणे, "आईनं मसाला बिघडवला नव्हता. अण्णांनी त्यात परदेशी पूड घातली आणि मी ती ढवळली." पहिल्या घरी मला रडू आलं. तिसऱ्या घरी आलं नाही. नलूकाकींनी ऐकून घेतलं, थोडा वेळ शेंगा सोलत राहिल्या आणि हसून म्हणाल्या, "असू दे ग. पुरुषमाणसं करतात कायतरी. सावलीचं मी आपलं उगाच बोलले." आई म्हणाली, "उगाच नाय बोललात, काकी. तुम्हाला ते खरं वाटलं. मलासुद्धा वाटलं." मग ती ओटी उतरली आणि आम्ही घरी आलो.

त्या दिवसापासून चुलीवर संध्याकाळी दोन कालवणं होऊ लागली. एक पाट्यावर ताज्या मिरच्या-धणे वाटून केलेलं, काकांसाठी आणि आमच्यासाठी. दुसरं लहान टोपात, बरणीतल्या मसाल्याचं. बरणी अजून अर्धी भरलेली होती. पहिल्या संध्याकाळी अण्णांच्या ताटात लहान टोपातलं वाढलं गेलं तेव्हा त्यांनी मान वर केली. आई म्हणाली, "अन्न आहे. टाकायचं नाय." काका खाली बघत जेवत राहिले. अण्णांनी भात कालवला आणि खायला लागले.

मी माझं ताट हातात घेऊन चुलीपाशी उभी राहिले. ताज्या वाटणाचा वास येत होता, आणि तो वास मी आठ महिन्यांत घेतला नव्हता. मी म्हटलं, "आई, मलाही त्या टोपातलंच वाढ." मी हे मनापासून म्हटलं होतं, असं आजपर्यंत मी सगळ्यांना सांगत आले. खरं असं, की मला वाटलं होतं, ती नको म्हणेल. तिनं माझ्याकडे पाहिलं, पळी मोठ्या टोपातून काढली, लहान टोपात बुडवली आणि माझ्या भातावर वाढलं. चैत्रात बरणी रिकामी होईपर्यंत ती रोज वाढत होती.